दादाची फांदी

३ मार्च

प्रिय ढापणे,

फोन करू नकोस असं कळवलं त्याचा राग मानू नकोस. तुझं 'हॅलो' अगदी तुझ्या भावासारखं आहे, पहिलं अक्षर लांबवायचं आणि दुसरं गिळायचं. परवा तुझा फोन उचलला आणि मी म्हणणारच होते, येताना मेण लावलेला दोरा घेऊन ये. मग आठवलं. ते पुन्हा नको. पत्र बरं. शाळेत एका बाकावर बसून आपण एकमेकींना चिठ्ठ्या लिहायचो, तेव्हा कुठे फोन होते?

आम्ही ठीक आहोत. म्हणजे ताप नाही, खोकला नाही. तबेल्यात आता चारच घोडे उरलेत. खोगिरं मात्र भिंतभर आहेत आणि मी ती एकेक करून उसवते आणि पुन्हा शिवते. मालक काही बोलत नाहीत. आमचा धंदाच खोगीरभरतीचा, असं तुझा भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा. मी कधी हसले नाही. आता हसावं म्हटलं तरी जमणार नाही.

मला रडू येत नाही, हे तुला सांगून ठेवते. दात काढताना सुई देतात ना, मग गालाला हात लावला तर तो दुसऱ्याच कुणाचा वाटतो, तसं सगळं आहे. सकाळी उठते, पाणी तापवते, आईंना अंघोळ घालते. गाल दुसऱ्याचाच.

आता कामाचं. वस्तीत सगळे म्हणतात, तुझ्या भावाने रोग आणला. ताप पहिल्यांदा त्याला आला, दुसऱ्या दिवशी घोड्यांच्या डॉक्टरांना, आणि मग घरोघर. त्याच्याशिवाय चौदा माणसं गेली. म्हणे घोडे राखणाऱ्या मोतद्दाराने शिंगराच्या नाकाला तोंड लावलं आणि सगळ्यांच्या गळ्यात मरण बांधलं. हो, लावलं. आजारी घोडी व्याली, पोर श्वास घेईना, तेव्हा त्याने एक नाकपुडी बोटाने दाबली आणि दुसरीत फुंकलं. आजवर किती शिंगरं त्याने अशी उठवली असतील. हे सोडून दुसरं काय करायचं असतं, हे सांगायला त्यांच्यातलं कुणी तिथे नव्हतं.

आमच्या फाटकाला डांबर फासलंय. दुकानदार सामान काठीने पुढे ढकलतो. ते चालेल. पण आई दिवसातून एकच वाक्य बोलतात, "माझ्या पोराने चौदा घरं बसवली." दुसरं काही नाही. त्या खोलीबाहेर येत नाहीत.

तू याच विषाणूवर काम करतेस. तेव्हा मला एवढंच सांग. त्याने आणला का? हो किंवा नाही. आईंसाठी हवंय. थोडं माझ्यासाठीही.

तुझी (नाइलाजाने) वहिनी

---

१२ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. मी येऊ शकले नाही. कुणालाच येऊ देत नव्हते हे तुला माहीत आहे, तरी लिहिते. दादाला कुठे ठेवलं ते मला एकदा सविस्तर लिही. घाई नाही.

इथे दिवस कसा जातो ते सांगू? दोन दारं ओलांडून आत जायचं. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मधल्या खोलीत कपडे बदलायचे, हातमोजे दोन थर, वर मुखवटा. चष्म्यावर वाफ धरते आणि पुसता येत नाही, तुझी ढापणी मग अंदाजाने चालते. आत नमुने असतात. त्यांच्यावर नावं नसतात, आकडे असतात.

तू विचारलंस त्याचं उत्तर थोडं लांबून द्यावं लागेल. हा विषाणू नवा नाही. आपल्याला नवा आहे. वटवाघळांमध्ये याचं खानदान किती हजार वर्षं नांदतंय कुणास ठाऊक. त्यांना तो काही करत नाही, तेही त्याला काही करत नाहीत. आम्हाला वटवाघळांच्या विष्ठेत याचा सगळ्यात जवळचा भाऊबंद सापडला. हिशेबाने बघता दोघांचा पूर्वज चाळीसेक वर्षांपूर्वीचा. म्हणजे तू आणि मी जन्मलो त्या सुमारास ही शाखा वेगळी झाली आणि वटवाघळांतच हळूहळू बदलत राहिली. मग कुठेतरी झाडं तुटली असतील, वटवाघळं तबेल्याजवळच्या झाडांवर आली असतील, आणि खालच्या चाऱ्यावर त्यांची लाळ किंवा मूत पडलं असेल. हा अंदाज आहे.

हे आम्हाला कळतं कसं, तर चुकांवरून. नववीत तू माझी भूगोलाची वही उतरवायचीस, आठवतं? मी एक नदी उलटी वाहवली. तू पण वाहवलीस. तुझ्यावरून जिने उतरवलं, तिनेही. बाईंनी त्या एका नदीवरून अख्खी रांग उभी केली. विषाणू स्वतःची नक्कल काढताना असाच चुकतो आणि ती चूक पुढच्या प्रत्येक नकलेत जाते. कुणी कुणावरून उतरवलं हे त्यावरून कळतं. चुका जुळवत गेलं की एक झाड तयार होतं, खोड, फांद्या, डहाळ्या.

झाड अजून अर्धवट आहे. इतक्यात काही सांगता येणार नाही. आईला म्हणावं, जेवत जा.

तुझी
ढापणी

---

१९ मार्च

वन्सं,

बघ, 'वन्सं' लिहिलंय. म्हणजे मी चिडले आहे. निदान चिडल्यासारखं लिहिते आहे, आतून काही होत नाही.

निबंध छान. वटवाघळांना दहापैकी दहा. मी विचारलं काय आणि तू सांगतेस काय! मी आंघोळीच्या पाण्याचं विचारावं आणि तू समुद्र कसा झाला ते सांगावंस. चाळीस वर्षांपूर्वी काय झालं ते मला नको. जानेवारीत काय झालं ते सांग. तू लहानपणापासून अशीच. काही लपवायचं असलं की भूगोल सुरू. तुला कळलंय, आणि तू सांगत नाहीस.

दादाला कुठे ठेवलं ते विचारलंस. तबेल्यामागच्या गवताच्या खोलीत, आधी जिवंतपणी. अंग कसकसायला लागलं त्याच दुपारी तो स्वतःहून तिथे गेला आणि आतून कडी घातली. मी जेवण, पाणी, घोंगडी दाराशी ठेवायचे. मी म्हटलं, उघड. तो म्हणाला, घोडीला झालंय तेच मला झालंय, तू लांब हो. मी म्हटलं, मी तुझी बायको आहे का घोडी? तर आतून हसला. मग सरकारी दवाखान्याची माणसं पांढऱ्या कपड्यात आली आणि कडी तोडून घेऊन गेली. पुढचं मी पाहिलं नाही. नेलं, पुरलं, एक आकडा दिला. तुमच्याकडे पण आकडाच म्हणालीस.

मला त्या दाराचा राग येतो, तोसुद्धा डोक्यात येतो, पोटात नाही. लग्न झाल्यापासून आमच्यात एकही दार कधी बंद झालं नव्हतं.

आमच्याकडे फक्त एक बाई येते. घोड्यांच्या डॉक्टरांची बायको. लोक म्हणतात तुझ्या भावाने तिच्या नवऱ्याला मारलं, आणि ती एक दिवसाआड येऊन आईंच्या पायाला तेल चोळते. मूलबाळ नाही, ताप येऊन वाचली, घरात एकटी. मी पहिल्या दिवशी म्हटलं, तुम्ही आमच्याकडे कशा आलात? तर म्हणाली, "अगं, रोग घोड्याचा. त्यात माणसाचं नाव कशाला घ्यायचं?" वस्तीत एवढी अक्कल तिच्या एकटीकडे आहे.

आई तिला बघून जास्तच गप्प होतात. हो का नाही, ते लिही.

वहिनी

---

२७ मार्च

वहिनी,

बरोबर आहे तुझं. लपवत होते.

दादाचा आकडा मी पहिल्याच दिवशी ओळखला. नमुन्यावर तारीख असते. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी विचारलं, दुसऱ्या कुणाला देऊ का? मी म्हटलं, नको, मीच करते. केलं. संध्याकाळी वसतिगृहात जाऊन पोटभर जेवले. मला माझीच भीती वाटली.

आमच्या कागदांवर दादा 'रुग्ण १' आहे, कारण ताप पहिल्यांदा त्याला आला. घोडीचा विषाणू आणि दादाचा विषाणू यांत तंतोतंत त्याच चार चुका आहेत, दादाच्यात वर एक त्याची स्वतःची. म्हणजे त्याला घोडीकडून लागला यात शंका नाही. आणि पुढचे सगळे त्याच्यानंतरचे. मी धरून चालले की दादानेच दिला. ते तुला कसं लिहू? म्हणून वटवाघळं.

पण काल डॉक्टरांचा नमुना आला. तो दुसऱ्या प्रयोगशाळेत अडकून पडला होता. मी तो लावला आणि झाड बसेना. डॉक्टरांच्या विषाणूत पहिल्या तीन चुका आहेत, चौथी नाही. घोडीची ती चौथी चूक दादात आहे, डॉक्टरांत नाही. दादावरून उतरवलं असतं तर दादाची नदी तिथे उलटी वाहायला हवी होती. घोडीवरून उतरवलं असतं तरी. मग वस्तीतल्यांचे जेवढे नमुने लावून बघितले, तेही डॉक्टरांसारखे. मोठ्या बाई म्हणाल्या, नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. मी पुन्हा लावले. पुन्हा तेच.

याचा अर्थ घोडीच्या आधी कुणीतरी आहे. तीन चुकांचं कुणीतरी, जे आमच्याकडे नाही.

वहिनी, नीट आठवून सांग. आपल्या घोडीच्या आधी आसपास दुसरं कुठलं जनावर आजारी होतं का? डॉक्टर तिथे गेले होते का?

आईला अजून काही सांगू नकोस. पुन्हा चुकायला नको.

ढापणी

---

२ एप्रिल

ढापणे,

होतं.

पुलापलीकडच्या तबेल्यात एक शर्यतीचा घोडा होता, काळा. आपली घोडी आजारी पडली त्याच्या आधीच्या आठवड्यात मेला. पोटशूळ झाला असं सगळे म्हणाले. घोडा मेला की पहिलं नाव पोटशुळाचंच येतं. तो मरायच्या आधी चारा खाईना, म्हणून डॉक्टरांनी त्याचे दात कानसले. दाताला टोकं आली की घोडा चावत नाही, गालात रुततात. लांब दांड्याची कानस असते, आत घालून घासायची, थुंकी, लाळ, रक्त सगळं हातावर येतं.

तिथून ते तसेच आमच्याकडे आले. आमच्या घोडीचेही दात करायचे होते, व्यायच्या आधी उरकू म्हणून. तुझ्या भावाने नेहमीप्रमाणे उकळतं पाणी बादलीत आणून ठेवलं होतं, कानस बुडवायला. डॉक्टर म्हणाले, राहू दे, उशीर झालाय, अजून दोन ठिकाणी जायचंय. हे मला आठवतं कारण जेवताना तो कुरकुरत होता. "पाणी वाया गेलं," म्हणाला. "सरपण काय झाडाला लागतं का?" मी म्हटलं, झाडालाच लागतं. एवढंच बोलणं. मी ते विसरूनही गेले होते.

आता पुढचं ऐक. डॉक्टरांच्या दवाखान्याची खोली त्यांच्या घरातच आहे. तिथे एक फ्रीज आहे. ती बाई तो बंद करत नाही, कारण त्यांनी ताकीद देऊन ठेवली होती की काही झालं तरी याची वायर काढायची नाही. मागच्या आठवड्यात मी तिथे गेले होते, बर्फ हवा होता. तिने बर्फाचा खण उघडला तर आत रक्ताच्या नळ्या, वर चिठ्ठ्या. एकीवर त्या काळ्या घोड्याचं नाव.

तुला तीच हवी आहे ना? मी मागू का तिच्याकडे?

वहिनी

---

६ एप्रिल

वहिनी,

तीच हवी आहे. नळीला हात लावू नका, खण उघडू नका. आमची माणसं येतील. पण घर तिचं आहे, तिची सही लागेल. तू बोलून ठेव. कशासाठी ते तिला सांग. सगळं सांग.

ढापणी

---

१० एप्रिल

ढापणे,

तुमची माणसं येऊन गेली. पांढरे कपडे बघून वस्तीतल्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

तिने सही केली. मी तिला सगळं सांगितलं नाही. म्हटलं, आजार कुठून आला ते शोधतायत, जनावरांचं जुनं रक्त गोळा करतायत. खोटं नव्हतं. ती म्हणाली, "घेऊन जा गं, त्यांचं काहीतरी कामी येऊ दे." पेन मी दिलं. सही करून तिने विचारलं, यात त्यांचं नाव येईल का? मी म्हटलं, माहीत नाही. तिला वाटलं मानाने येईल.

मला वाटलं होतं, असं फसवल्यावर वाईट वाटेल. घरी येऊन वाट पाहिली. नाही वाटलं. लगाम शिवायला बसले.

आईंना पायाला तेल चोळायला ती आजही आली होती.

वहिनी

---

२४ एप्रिल

प्रिय वहिनी,

झाड पूर्ण झालं. तीन जणांनी वेगवेगळं करून पाहिलं, तेच आलं. आता तुला हो किंवा नाही सांगते.

नाही. दादाने आणला नाही.

काळ्या घोड्यात त्या तीन चुका आहेत. खोड तिथे आहे. त्याच्या तबेल्यावरच्या झाडात वटवाघळं आहेत, आणि त्यांच्यात आता जो सापडला तो या घोड्याच्या विषाणूच्या आधीच्या भाऊबंदाहूनही जवळचा. घोड्यापासून दोन फांद्या निघतात. एक डॉक्टरांची. तीन चुका आणि एक त्यांची स्वतःची. वस्तीतले चौदाही जण त्या फांदीवर आहेत, एकूण एक. डॉक्टरांना तापाच्या कितीतरी आधी लागण झाली होती. ताप कधी आला आणि रोग कधी लागला, या वेगळ्या गोष्टी आहेत. अंगात घेऊन ते घरोघर फिरले, चहा प्यायले, माणसांच्या पाठीवर हात ठेवले. त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसरी फांदी कानशीवरून आपल्या घोडीकडे आली. घोडीकडून शिंगराला आणि दादाला. आणि पुढे कुणाला नाही. मी प्रत्येक नमुना दादाच्या चुकेसाठी तपासला. तुझं आणि आईचं रक्तसुद्धा, जे फेब्रुवारीत घेतलं होतं. तुम्हाला तर लागलाच नव्हता. दादाची फांदी दादापाशीच संपते. त्याने कडी घातली म्हणून.

त्या दाराचा राग तू कर, तुझा हक्क आहे. मी फक्त झाडात काय दिसतं ते सांगते.

हे पुढच्या गुरुवारी जाहीर होईल. मी अडवू शकत नाही आणि अडवणारही नाही. कानस बुडवल्याशिवाय एका घोड्याकडून दुसऱ्याकडे न्यायची नाही, हे सगळ्या तबेल्यांना आजच कळायला हवं, नाहीतर पुढचं शिंगरू, पुढचा मोतद्दार. नावं छापणार नाहीत, पण वस्तीत एकच घोड्यांचे डॉक्टर होते. लोकांना कळायला वेळ लागणार नाही.

तिला तू सांगितलं नव्हतंस, हे मला तुझ्या पत्रावरून कळलं. मी रागावले नाही. तुझ्या जागी मी पण तेच केलं असतं.

काल रात्री मला 'हॅलो' म्हणून बघावंसं वाटलं, आरशासमोर. म्हटलं. खरंच तसंच आहे गं.

आईला सांग आता.

ढापणी

---

२ मे

प्रिय ढापणे,

तुझी पत्रं आईंना दोनदा वाचून दाखवली. त्यांनी भूगोलाची वही, फांद्या, सगळं समजून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे कुणाकुणाला त्याने दिला?" मी म्हटलं, कुणालाच नाही, आई. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग म्हणाल्या, "लहानपणी गोवर झाला तेव्हाही माळ्यावर जाऊन बसला होता. धाकटीला लागेल म्हणून." धाकटी म्हणजे तू. तुला माहीत होतं का हे? मला नव्हतं.

मला वाटलं होतं त्या रडतील, मग मीही रडेन, आणि हे संपेल. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांच्या बायकोला कोण सांगणार?"

मी म्हटलं, छापून येईल की. मला तर छापील कागद घेऊन चौकात उभं राहायचं होतं. दुकानदाराच्या काठीला तो कागद बांधायचा होता. आईंनी ऐकून घेतलं. बुधवारी दुपारी म्हणाल्या, माझ्या चपला कुठे आहेत? जानेवारीपासून त्या उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या. चपला माळ्यावर निघाल्या.

मी हाताला धरून नेलं. बाईने दार उघडलं, आईंना बघून गडबडली, खुर्ची आणायला धावली. आई बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "माझ्या मुलाकडून तुमच्या यजमानांना लागला नाही. यजमानांना त्या काळ्या घोड्याकडून लागला, आणि पुढे वस्तीला त्यांच्यापासून. आमच्या घोडीलाही त्यांच्या कानशीने. त्यांना माहीत नव्हतं. उद्या छापून येणार आहे. म्हटलं, आमच्याकडून कळावं."

तिने खुर्ची पुन्हा भिंतीला लावली. मग म्हणाली, "म्हणजे आता फ्रीज बंद केला तरी चालेल." आणि आत जाऊन वायर काढून आली. फ्रीजची घरघर थांबल्यावर घर किती शांत आहे ते कळलं.

मग तिने मला विचारलं, "सही घेतलीस तेव्हा तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, हो.

"बरं," म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ढापणे, मला लाज वाटली. कान तापेपर्यंत, पोटातून. तीन महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ते हे निघालं.

काल, गुरुवारी, सकाळीच बातमी आली. मी चुलीपाशी होते. आई चपला घालून दाराशी. म्हटलं, आता कुठे? म्हणाल्या, "तिच्याकडे. आपल्याकडे लोक सकाळीच आले होते." मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, तीन महिने तुम्ही स्वतःच्या मुलाला शिव्या दिल्यात! आज तो सुटला. चार दिवस घरात बसून त्याचं नाव तरी घ्या. दुसऱ्यांची धुणी धुवायला कशाला निघालात? मी खूप ओरडले. घोडे खिंकाळले, एवढी ओरडले. आई थांबल्या, माझं संपेपर्यंत. मग म्हणाल्या, "चार दिवसांत तिच्या फाटकाला डांबर लागेल." आणि काठी टेकत निघाल्या.

मी मागून गेले, पण रस्त्याच्या या बाजूला उभी राहिले. मला तिच्यासमोर जाववत नव्हतं. आई डॉक्टरांच्या पायरीवर बसल्या, फाटक सताड उघडं टाकून.

लोक आले. दुकानदार पुढे, मागे दहा-बारा जण, एकाच्या हातात डबा होता, कसला ते सांगायला नको. आईंना बघून सगळे रस्त्यातच थबकले. शेवटी दुकानदार आवाज चढवून, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं म्हणाला, "आजी, उठा, घरी जा! तुमचा मुलगा निर्दोष आहे, कळलं का? त्याने नाही केलं काही!"

"माहीत आहे," आई म्हणाल्या. "म्हणूनच बसलेय."

ते थोडा वेळ उभे राहिले आणि पांगले. डब्याचं झाकण कुणी उघडलं नाही. संध्याकाळपर्यंत त्या तिथेच होत्या. मी दुपारी छत्री नेऊन दिली तेव्हा म्हणाल्या, "तू बसतेस का?" मी म्हटलं, उद्या बघू.

तो उद्या म्हणजे आज. आत बाई चहा करते आहे, माझ्याशी अजून बोललेली नाही, पण कप तीन काढलेत ते मी पाहिलं. आई माझ्या डाव्या हाताला बसल्या आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघतायत. मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते आहे, त्यामुळे अक्षर असं आलंय. वाचता येत नसेल तर फोन कर.

तुझी
वहिनी